कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्सचा पेपर: विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

टीवायबीएस्सी, एमएस्सीचं पहिलं वर्ष, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष: हा विषय यांपैकी कुठेतरी गाठतोच. कुठे त्याचं नाव 'कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस' असतं, कुठे तो मॅथ्सच्या पेपरातल्या एखाद-दुसऱ्या मॉड्यूलपुरता असतो. प्रश्न मात्र सगळीकडे तेच येतात. खाली झेड म्हणजे संमिश्र चल, एक्स आणि वाय हे त्याचे वास्तव व काल्पनिक भाग, आणि आय म्हणजे उणे एकाचं वर्गमूळ.

अकरावीला संमिश्र संख्या झाल्या आहेत. इथे वेगळं काय शिकायचं?

अकरावीत त्या संख्यांचं बीजगणित झालं: बेरीज, गुणाकार, मापांक, द म्वाव्र. इथे कॅल्क्युलस सुरू होतं. डेरिव्हेटिव्हची व्याख्या कागदावर अगदी एफवायला होती तशीच दिसते, आणि फसगत तिथेच होते. वास्तव रेषेवर शून्याकडे यायला दोनच बाजू होत्या, डावी आणि उजवी. प्रतलात कुठूनही येता येतं: सरळ, तिरकं, गोल फिरत. प्रत्येक वाटेने तोच लिमिट मिळायला हवा, ही अट फार जड आहे.

अट जड म्हणून तिचं फळही मोठं. वास्तव जगात एक्स गुणिले एक्सचा मापांक हे फंक्शन घ्या. त्याचा पहिला डेरिव्हेटिव्ह सगळीकडे आहे, दुसरा शून्यावर नाही. संमिश्र जगात असं होऊच शकत नाही. एखाद्या ओपन सेटवर एकदा डेरिव्हेटिव्ह मिळाला की दुसरा, तिसरा, शंभरावा सगळे आपोआप मिळतात, आणि प्रत्येक बिंदूभोवती पॉवर सिरीजही मिळते. त्यावर कडी म्हणजे डोमेन जोडलेला असेल, तर एका लहानशा तुकड्यावर फंक्शन ठाऊक असलं की उरलेल्या सगळ्या डोमेनवर ते ठरून जातं. संपूर्ण कोर्स म्हणजे या एका अटीतून काय काय निघतं याची गोष्ट आहे. प्रत्येक प्रमेय वाचताना 'ही अट इथे कुठे वापरली?' एवढं विचारत गेलात तर विषय सुटा सुटा वाटत नाही.

पण उणे एकाचं वर्गमूळ खरंच 'असतं' का?

ही शंका तुमच्या आधी सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितींनाही होती. कार्दानोने १५४५ साली एक प्रश्न घातला: दहाचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार चाळीस येईल. उत्तर आलं ५ अधिक-उणे √−१५. त्याने आकडेमोड केली, पण असलं गणित सूक्ष्म खरं, उपयोगाचं नाही, असाच त्याचा सूर होता.

खरी अडचण आली घन समीकरणात. 'एक्सचा घन = १५ एक्स + ४' याचं एक उत्तर चार आहे, हे तोंडी पडताळता येतं. सूत्रात किंमती घातल्या की मात्र मधे √−१२१ येऊन बसतं. बोंबेल्लीने १५७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवलं की २ + √−१ चा घन बरोबर २ + √−१२१ येतो. त्याचा जोडीदार २ − √−१ त्यात मिळवला की काल्पनिक भाग कटतो आणि चार हाती येतात. म्हणजे उत्तर वास्तव, प्रश्न वास्तव, आणि वाट मात्र काल्पनिकातून. वर्गसमीकरणात 'उत्तर नाही' म्हणून सुटता यायचं, इथे ती सोय राहिली नाही.

या संख्यांना प्रतलावर जागा मिळायला आणखी दोनशेहून अधिक वर्षं गेली. कास्पार व्हेसेल या भूमापकाने १७९७ मध्ये आणि आरगाँने १८०६ मध्ये ती चित्रं मांडली. तुमच्या वहीत आयने गुणणं म्हणजे नव्वद अंशांत फिरवणं हे चित्र पक्कं असेल, तर 'असतं का' हा प्रश्न मागे पडतो.

माझं रिअल अ‍ॅनालिसिस कच्चं आहे. झेपेल का?

बीएस्सी-एमएस्सीला थोडी डागडुजी लागेल. सगळं पुन्हा वाचायची गरज नाही. लिमिट आणि कंटिन्युइटी, सिरीजचं अभिसरण, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, बंद व सीमित सेटवर कंटिन्युअस फंक्शन आपली कमाल किंमत गाठतं हे प्रमेय, आणि लाइन इंटिग्रल. यातला युनिफॉर्म कन्व्हर्जन्स टाळून चालणार नाही, कारण सिरीज आणि इंटिग्रल यांची अदलाबदल जिथे जिथे होते तिथे तो लागतो. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी आंशिक डेरिव्हेटिव्ह आणि पार्शल फ्रॅक्शन नीट येत असले तरी गाडी चालते.

कॉशी–रीमान समीकरणं पाळली गेली म्हणजे फंक्शन अ‍ॅनालिटिक, बरोबर?

नाही. या पेपरात सर्वांत जास्त मार्क इथेच जातात, म्हणून जरा थांबून पाहू.

फंक्शनचा वास्तव भाग यू, काल्पनिक भाग व्ही. समीकरणं अशी: यूचा एक्सनुसार आंशिक डेरिव्हेटिव्ह = व्हीचा वायनुसार, आणि यूचा वायनुसार = उणे व्हीचा एक्सनुसार. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बिंदूवर डेरिव्हेटिव्ह असणं ही पहिली. त्या बिंदूभोवतीच्या एका अख्ख्या वर्तुळात डेरिव्हेटिव्ह असणं ही दुसरी, आणि तिलाच त्या बिंदूवर अ‍ॅनालिटिक म्हणतात. झेडच्या मापांकाचा वर्ग घ्या. यू म्हणजे एक्सवर्ग अधिक वायवर्ग, व्ही म्हणजे शून्य. समीकरणं फक्त मूळबिंदूवर जुळतात, तिथे डेरिव्हेटिव्हही आहे आणि तो शून्य आहे. पण आजूबाजूला कुठेच नाही, म्हणून हे फंक्शन कुठेही अ‍ॅनालिटिक नाही.

आता दुसरा सापळा. झेड-बारचा वर्ग भागिले झेड हे फंक्शन घ्या, शून्यावर त्याची किंमत शून्य ठेवा. मूळबिंदूवर कॉशी–रीमान समीकरणं बिनतक्रार जुळतात. तरीही तिथे डेरिव्हेटिव्ह नाही: एक्स-अक्षावरून या किंवा वाय-अक्षावरून, लिमिट १ येतो, आणि पंचेचाळीस अंशांच्या रेषेवरून आलात तर −१. कारण सरळ आहे. समीकरणं फक्त दोन अक्षांच्या दिशा तपासतात, बाकीच्या दिशांबद्दल ती गप्प असतात.

मग समीकरणांचा उपयोग काय? ती जुळत नसतील तर डेरिव्हेटिव्ह नाही, हे लगेच सांगता येतं. उलट बाजूने जायचं असेल तर आंशिक डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस आहेत ही ओळ जोडावी लागते. उत्तरपत्रिकेत ती ओळ लिहाच. परीक्षक तीच शोधत असतो.

लॉगरिदमला एकापेक्षा जास्त किंमती कशा काय?

मूळबिंदूभोवती एक फेरी मारून त्याच बिंदूवर परत आलात की झेड तोच असतो, कोन मात्र २ पायने वाढलेला असतो. लॉगचा काल्पनिक भाग म्हणजे हा कोनच. म्हणजे गोल जिन्याने वर चढल्यासारखं आहे: वरून पाहणाऱ्याला तुम्ही त्याच जागी दिसता, पण मजला बदललेला असतो. ब्रांच कट म्हणजे 'या रेषेपलीकडे जायचं नाही' असा आपणच घातलेला नियम. रेषा कुठे घ्यायची हे आपल्या सोयीवर आहे, पण मूळबिंदूपासून अनंतापर्यंत ती गेली पाहिजे.

एकदा ब्रांच ठरवली की शाळेतले नियम जसेच्या तसे चालतील असं धरू नका. प्रिन्सिपल लॉगमध्ये −१ चा लॉग पाय आय आहे. −१ गुणिले −१ म्हणजे १, त्याचा लॉग शून्य. पण दोन लॉगांची बेरीज २ पाय आय. '√−१ गुणिले √−१ म्हणजे √१, म्हणून −१ = १' हा कोडं म्हणून फिरणारा चमत्कारही याच भानगडीतला.

आणि हो, आयचा आयवा घात वास्तव संख्या आहे. प्रिन्सिपल किंमत सुमारे ०.२०७९. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हटकून येतो. एकच किंमत सांगून थांबू नका, अशा अगणित किंमती आहेत आणि सगळ्या वास्तव आहेत.

कॉशीचं प्रमेय पाठ आहे, पण ते कशासाठी हे कळत नाही.

तीन इंटिग्रल हाताने करून पाहा. एकक वर्तुळावर घड्याळाच्या उलट दिशेने झेडचा वर्ग, १/झेड आणि झेड-बार. पहिल्याचं उत्तर शून्य, उरलेल्या दोन्हींचं २ पाय आय. आता त्रिज्या दोन करा. पहिलं अजून शून्य. १/झेड अजून २ पाय आय. झेड-बारचं मात्र ८ पाय आय झालं.

झेडचा वर्ग सगळीकडे अ‍ॅनालिटिक, म्हणून कुठल्याही बंद वाटेवर त्याची पाटी कोरी. १/झेड एका बिंदूवर बिघडलेलं आहे, आणि वाटेने तो बिंदू वेढला आहे का एवढंच त्याला कळतं. वाट ताणा, वाकवा, उत्तर तेच. झेड-बार कुठेच अ‍ॅनालिटिक नाही, त्यामुळे ते वाटेच्या आकाराप्रमाणे बदलतं. खरं तर ते २ आय गुणिले आतलं क्षेत्रफळ सांगतं. हे तिन्ही समोर ठेवले की प्रमेयाचा दावा समजतो: अ‍ॅनालिटिक फंक्शनला वाटेचा आकार दिसत नाही, आतली छिद्रं तेवढी दिसतात.

ग्रीनच्या प्रमेयातून येणारी सिद्धता डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस आहे असं धरून चालते. ते गृहीतक गुर्साने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढून टाकलं. त्रिकोणाचे चार तुकडे, त्यातल्या एकाचे पुन्हा चार, अशी ती सिद्धता. लांब वाटते, पण एमएस्सीला असाल तर ती सोडू नका, कारण 'डेरिव्हेटिव्ह आहे' एवढ्यावरच सगळं उभं राहतं हे तिथे दिसतं.

१/(१ + एक्सवर्ग) तर सगळीकडे छान आहे. त्याची सिरीज एकच्या पुढे का चालत नाही?

या विषयातला माझा आवडता प्रश्न. वास्तव रेषेवर कितीही शोधलंत तरी दोष सापडणार नाही, कारण तो रेषेवर नाहीच. आय आणि उणे आय या दोन बिंदूंवर छेद शून्य होतो, आणि मूळबिंदूपासून ते बरोबर एक अंतरावर आहेत. पॉवर सिरीजचं वर्तुळ सर्वांत जवळच्या सिंग्युलॅरिटीला, म्हणजे फंक्शन बिघडतं त्या बिंदूला, टेकून थांबतं. त्याच नियमाने हे फंक्शन ३ भोवती उलगडलं तर त्रिज्या √१० येईल, सिरीजचा एकही सहगुणक न काढता.

सिंग्युलॅरिटीचा प्रकार ओळखताना गोंधळ उडतो.

छेदाचा घात बघून पोलची (जिथे फंक्शन १/झेडच्या एखाद्या घातासारखं अनंताकडे जातं त्या बिंदूची) ऑर्डर सांगायची सवय मोडा. (१ − कॉस झेड) भागिले झेडचा चौथा घात, यात मूळबिंदूवर चौथ्या ऑर्डरचा पोल दिसतो. पण अंश झेडवर्ग/२ पासून सुरू होतो, म्हणून ऑर्डर दोनच. शिवाय फंक्शन सम आहे, त्यामुळे रेसिड्यू, म्हणजे सिरीजमधला १/झेडचा सहगुणक, शून्य. काही मोजायची गरजच नाही.

साइन झेड/झेड मध्ये सिंग्युलॅरिटी काढून टाकता येते. ई चा १/झेडवा घात शून्यावर इसेन्शियल आहे: शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी हे फंक्शन शून्य वगळता प्रत्येक किंमत अगणित वेळा घेतं. पिकारचं प्रमेय सांगतं की प्रत्येक इसेन्शियल सिंग्युलॅरिटीजवळ असंच होतं, फार तर एखादी किंमत सुटते. आणि १/साइन(१/झेड)? याला यांपैकी कोणतंच नाव देऊ नका. शून्याजवळ त्याचे पोल दाटीवाटीने येत राहतात, त्यामुळे शून्य ही वेगळी काढलेली सिंग्युलॅरिटीच नाही.

रेसिड्यूने वास्तव इंटिग्रल काढताना कॉन्टूर (इंटिग्रलची वाट) कोणता घ्यायचा हे कसं सुचतं?

सुचत नाही, ओळखावं लागतं, आणि ओळखीची घरं चार-पाचच आहेत. शून्य ते २ पाय आणि साइन-कॉस असेल तर एकक वर्तुळ. उणे अनंत ते अनंत आणि परिमेय फंक्शन असेल तर वरचं अर्धवर्तुळ. एक्सचा अपूर्णांक घात किंवा लॉग असेल तर किल्लीच्या भोकासारखा कॉन्टूर. वास्तव रेषेवरच पोल असेल तर त्याला छोट्या अर्धवर्तुळाने वळसा.

एक उदाहरण पुरतं करू: कॉस एक्स भागिले (१ + एक्सवर्ग), उणे अनंत ते अनंत. पहिला मोह कॉस झेड घेण्याचा होतो. घेऊ नका. काल्पनिक अक्षावर वर जाताना कॉस ई च्या घातासारखा फुगतो, अर्धवर्तुळावरचा भाग शून्याकडे जाणार नाही. त्याऐवजी ई चा 'आय झेड' घात घ्या आणि शेवटी वास्तव भाग काढा. वरच्या अर्धप्रतलात त्याचा मापांक एकपेक्षा जास्त होत नाही. अर्धवर्तुळाची लांबी पाय आर, फंक्शन जास्तीत जास्त १/(आरवर्ग − १), म्हणून गुणाकार शून्याकडे. आत पोल एकच, आय. तिथला रेसिड्यू १/(२ आय ई). त्याला २ पाय आय ने गुणा: उत्तर पाय/ई, सुमारे १.१५६.

अंशात कॉस एक्सऐवजी एक्स साइन एक्स असेल तर उत्तर पुन्हा पाय/ई येतं, पण तिथे वरचा साधा अंदाज पुरत नाही, जॉर्डनचा लेमा लागतो. फरक लक्षात ठेवा. कमानीवरचा भाग शून्य का होतो हे न लिहिता थेट रेसिड्यूवर उडी मारणाऱ्यांचे दोन-तीन मार्क दरवेळी जातात.

उत्तर आल्यावर पडताळा घ्या. वास्तव इंटिग्रलच्या उत्तरात आय उरला असेल तर कुठेतरी घसरलात. वरच्या उदाहरणात कॉस एकहून मोठा होत नाही, म्हणून उत्तर पायपेक्षा मोठं येऊच शकत नाही. एवढी नजर टाकायला काही सेकंद लागतात.

लिउव्हिलचं प्रमेय म्हणतं की सीमित एंटायर (अख्ख्या प्रतलावर डेरिव्हेटिव्ह असलेलं) फंक्शन स्थिर असतं. मग साइनचं काय?

साइन सीमित आहे ते फक्त वास्तव रेषेवर. १० आय वर त्याचा मापांक अकरा हजारांच्या वर जातो.

कोणत्या सिद्धता कराव्याच लागतात?

कॉशीचं इंटिग्रल सूत्र, त्यावरून टेलर, त्यावरून लिउव्हिल, आणि त्यावरून बीजगणिताचं मूलभूत प्रमेय. ही साखळी एका बैठकीत, पुस्तक न बघता लिहिता आली पाहिजे. शेवटचा दुवा तर चार ओळींचा आहे: बहुपदीला मूळ नसेल तर तिचा व्यस्त एंटायर आणि सीमित, म्हणून स्थिर, आणि हे अशक्य. मॅक्सिमम मॉड्युलस आणि श्वार्झचा लेमा त्यानंतर. मोरेराचं प्रमेय बऱ्याच जणांना पुरवणी वाटतं, पण अ‍ॅनालिटिक फंक्शनांचा युनिफॉर्म लिमिट अ‍ॅनालिटिक असतो हे त्याच्यामुळेच दोन ओळींत सुटतं.

इंजिनिअरला हे कशाला?

कंट्रोल सिस्टिम्समध्ये नायक्विस्टचा आलेख काढाल. १९३२ साली हॅरी नायक्विस्टने मांडलेला तो निकष म्हणजे आर्ग्युमेंट प्रिन्सिपलच आहे: वक्र एका बिंदूभोवती किती फेऱ्या घेतो ते मोजा आणि उजव्या अर्धप्रतलात किती पोल लपलेत ते सांगा. एरोडायनॅमिक्समध्ये झुकोव्हस्कीचं रूपांतरण भेटतं, झेड + १/झेड. एकक वर्तुळ त्याने −२ ते २ हा सपाट रेषाखंड होतो. वर्तुळाचं केंद्र किंचित सरकवून ते १ या बिंदूतून जाऊ दिलं की विमानाच्या पंखाचा छेद तयार होतो. त्याची मागची टोकदार कडा येते कारण १ वर डेरिव्हेटिव्ह शून्य आहे आणि तिथे कोन राखले जात नाहीत. कॉन्फॉर्मल मॅपिंगच्या व्याख्येत 'डेरिव्हेटिव्ह शून्य नसावा' ही अट का असते, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

नेट, सेट, गेटसाठी किती महत्त्वाचा?

तिन्हींत आहे, यूपीएससीच्या गणित वैकल्पिकच्या दुसऱ्या पेपरातही आहे. आयआयटी जॅमला मात्र यावर वेळ घालवू नका. सीएसआयआर-नेटच्या भाग सी मध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, निगेटिव्ह मार्किंग नसतं. तिथे रेसिड्यूपेक्षा 'एंटायर फंक्शनचा वास्तव भाग सीमित असेल तर?' असे प्रश्न जास्त. (ई चा एफवा घात घ्या, लिउव्हिल लावा, स्थिर.) वर्तुळातली मुळं मोजणारं रुशेचं प्रमेयही येतं: झेडचा पाचवा घात + ३ झेड + १ याचं एकक वर्तुळात एकच मूळ, दोन त्रिज्येच्या वर्तुळात पाचही. म्हणून मधल्या कड्यात चार.

पुढे शिकायचं असेल तर?

वाटा तीन ठळक. रीमानच्या १८५९ च्या निबंधातून निघालेली झीटा फंक्शनची वाट अंकशास्त्रात (नंबर थिअरीत) जाते, आणि तिथला मुख्य प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसरी अनेक संमिश्र चलांची. तिथे दोन चलं आली की एकट्या बिंदूवरची सिंग्युलॅरिटी शिल्लकच राहत नाही, हे हार्टोग्जने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवलं. तिसरी रीमान पृष्ठांची, जी बैजिक भूमितीला मिळते. श्रीराम अभ्यंकरांचं क्षेत्र बैजिक भूमिती हेच, आणि त्यांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये अंकशास्त्र आणि बैजिक भूमिती या दोन्हींची जुनी परंपरा आहे. एमएस्सीच्या सुट्टीत कुठल्याही चांगल्या उन्हाळी शिबिराला अर्ज करा.

पेपरला आठच दिवस राहिलेत. काय करू?

पहिले दोन दिवस कॉशी–रीमान, हार्मोनिक कॉन्जुगेट आणि लॉगच्या ब्रांच. मग दोन दिवस लॉरां सिरीज, तीही एकाच फंक्शनच्या वेगवेगळ्या कड्यांत: १/((झेड − १)(झेड − २)) हे घेऊन एकच्या आत, एक ते दोन, दोनच्या बाहेर अशा तिन्ही सिरीज काढा, कारण कोणत्या भागात कोणती भूमिती श्रेणी चालते यावरच घोळ होतो. दोन दिवस रेसिड्यू आणि वर सांगितलेले कॉन्टूर, प्रत्येकी दोन उदाहरणं, कमानीच्या अंदाजासकट. सातव्या दिवशी सिद्धतांची साखळी. आठव्या दिवशी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, आणि मोबियस रूपांतरणाचं एक तरी गणित त्यात येऊ द्या: तीन बिंदू कुठे जातात हे दिलं की क्रॉस रेशोने पाच मिनिटांत सुटतं.